अपस्टेअर्स लाउंज : ‘आग ती आग’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार.

अपस्टेअर्स लाउंज या न्यू ऑर्लिन्समधल्या समलिंगींच्या बारला १९७३ साली आग लागली, त्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि चांगलं खडसावून लिहिलंत, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसणार नाही. तुमचे आक्षेप असे : ज्याच्यावर आग लावल्याचा संशय होता तो स्वतःच समलिंगी होता आणि त्याच बारमध्ये येणारा होता, मग या घटनेत मला समाजाचा द्वेष कुठे दिसला? शिवाय आग ती आग, मेलेले सगळे सारखेच, त्यांच्यात गट कशाला पाडायचे? आणि गोव्यात हडफड्याला नाइटक्लबच्या आगीत एवढी माणसं गेली असताना पन्नास वर्षांपूर्वीचं अमेरिकेतलं प्रकरण उकरून काढायची गरज काय?

संशयिताबद्दलची तुमची माहिती बरोबर आहे. २४ जून १९७३, रविवारची संध्याकाळ. न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टर या जुन्या भागात आयबरव्हिल आणि चार्टर्स या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर हा बार होता. त्या संध्याकाळी भांडण करणाऱ्या एका तरुणाला तिथून बाहेर काढलं होतं. थोड्या वेळाने खालच्या जिन्यावर लायटरमध्ये भरायचं इंधन ओतून कुणीतरी काडी लावली. पोलिसांचा संशय त्याच तरुणावर होता. पण त्याच्यावर कधीच आरोप ठेवला गेला नाही, आणि नोव्हेंबर १९७४ मध्ये त्याने आत्महत्या केली. खटला उभा राहिलाच नाही. म्हणजे काडी कुणी आणि कोणत्या रागापोटी लावली, याचा निकाल कुठल्याही कोर्टाने दिलेला नाही. माझ्या लेखाचा भर त्या काडीवर नव्हताच. पुढच्या आठ दिवसांत ते शहर कसं वागलं, त्यावर होता.

आधी आत कोण होतं ते पाहू. स्वस्त बिअरची रविवारची बैठक संपली होती आणि साठेक माणसं पियानोभोवती रेंगाळली होती. त्यातले बरेच जण मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्चचे. समलिंगींना देवळात जागा नव्हती म्हणून त्यांनी उभं केलेलं हे चर्च. दोन मुलांबरोबर आलेली त्यांची आईही तिथे होती; तिघंही गेली. आठच्या सुमाराला खालची घंटा वाजली. टॅक्सी आली की ती वाजायची. कुणीतरी दार उघडलं आणि जिन्यातला जाळ थेट आत घुसला. बारमन बडी रॅस्मुसेन याने वीसेक जणांना मागच्या दाराने गच्चीवर नेऊन वाचवलं. बाकीचे खिडक्यांकडे धावले, तर खिडक्यांना गज. त्या चर्चचा एक सहायक पाद्री सुखरूप बाहेर पडला होता. आपला जोडीदार आतच राहिलाय हे कळल्यावर तो परत आत गेला. दोघांचे देह एकमेकांना बिलगलेले सापडले. चर्चचे पाद्री बिल लार्सन खिडकीच्या गजांत अडकून गेले. रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल असा तो देह तासन्‌तास तसाच होता. कुणी साधी चादरही टाकली नाही. एकूण बत्तीस माणसं गेली. वीस मिनिटांच्या आत सगळा खेळ आटोपला होता.

आता तुमचं ‘आग ती आग’. त्याच शहरात सातच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर १९७२ मध्ये, रॉल्ट सेंटर या उंच इमारतीला आग लागून सहा माणसं गेली, तेव्हा सगळं शहर हळहळलं होतं. इथे बत्तीस गेली आणि राज्याच्या गव्हर्नरनी चकार शब्द काढला नाही. रेडिओवर या मेलेल्यांवर विनोद झाले. शोकसभेसाठी एकामागून एका चर्चने दार लावून घेतलं. सेंट जॉर्जेस एपिस्कोपल चर्चच्या पाद्रींनी छोटीशी प्रार्थना होऊ दिली, तर त्यांच्याच बिशपनी त्यांना झापलं आणि शिव्यांची पत्रं आली ती वेगळीच. अखेर १ जुलैला सेंट मार्क्स मेथडिस्ट चर्चमध्ये सभा झाली. बाहेर कॅमेरे लागलेत असं कळल्यावर लोकांना दुसऱ्या दाराने निघून जाण्याची मुभा देण्यात आली. टीव्हीवर चेहरा दिसला तर नोकरी जाईल, घरचे तोडतील, अशी परिस्थिती होती. तरीही सगळे समोरच्याच दाराने, उजळ माथ्याने बाहेर पडले, असं सांगतात. मला स्वतःला या सगळ्या हकिकतीत ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

आणि घरचे? लार्सन यांच्या आईने मुलाच्या अस्थी घ्यायला नकार दिला. चार देह शहराने बेवारस म्हणून पुरले. त्यातल्या एकाचं नाव माहीत होतं. दुसऱ्या महायुद्धात लढलेला सैनिक होता तो. आपला माणूस त्या आगीत गेला हे त्याच्या कुटुंबाला कळलं थेट २०१५ साली. त्याची नेमकी कबर कुठली, हे शोधायला त्यांना दारोदार फिरावं लागलं. मेलेले सगळे सारखेच, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे हो. पण हे मी गट पाडून लिहिलेलं नाही. स्मशानापर्यंत गट पाडले ते त्या शहराने. २००३ साली फुटपाथवर नावांचा फलक बसला, २०१३ मध्ये तिथल्या कॅथलिक आर्चबिशपनी दिलगिरी व्यक्त केली आणि २०२२ मध्ये शहराच्या कौन्सिलने माफी मागितली. काहीच बिघडलं नव्हतं, तर माफी कशाची?

हडफड्याचं म्हणाल, तर डिसेंबर २०२५ मधली ती आग मुद्दाम लावलेली नव्हती, म्हणून त्या लेखात ती आली नाही. विसरलो मात्र अजिबात नाही. पंचवीस माणसं गेली, बहुतेक तिथलेच कामगार, पोटासाठी लांबून आलेले. मालक कुठे पळाले, कुठे सापडले, हे आपण सगळ्यांनी रोजच्या रोज वाचलं. खाली स्वयंपाकघरात राबणाऱ्या त्या पोरांपैकी एकाचं तरी नाव तुम्हाला-मला सांगता येईल का? न्यू ऑर्लिन्सबद्दल लिहिताना हाच प्रश्न मला छळत होता. त्या कामगारांवर मी लिहिणार आहे. त्यांच्या गावांपर्यंत पोचलेली खात्रीची माहिती कुणाकडे असेल तर जरूर कळवा.

संशयिताची माहिती लेखात यायला हवी, ही तुमची सूचना मला पटली. वर लिहिलंय तेवढा मजकूर आज रात्री मूळ लेखात घालतो. त्याचं नाव घालणार नाही. मूळ लेखाच्या शीर्षकातला ‘द्वेष’ हा शब्द काढा असं तुम्ही लिहिलंत, तो मात्र राहील.