डोलणारा खांब, फिरता भोवरा आणि ‘कितीतरी पट’ वीज

एक व्हिडिओ पुन्हा पुन्हा फिरतो आहे. पात्यांविना एक जाडसर खांब वाऱ्यावर डोलतो, मग काँक्रीटच्या गोल हौदात पाण्याचा भोवरा गरगरतो. निवेदक सांगतो की वाऱ्या-पाण्याच्या खळबळीत सरळ वाहत्या प्रवाहापेक्षा कितीतरी पट ऊर्जा असते आणि पवनचक्क्या ती वाया घालवतात. तेव्हा असा खांब छपरावर लावा, ओढ्यात भोवरा फिरवा आणि विजेचं बिल विसरा! दोन्ही यंत्रं खरी आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ उलटा आहे.

आधी ‘कितीतरी पट’चा हिशोब. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. सेकंदाला ६ मीटर वेगाचा वारा एक चौरस मीटरमधून जातो तेव्हा त्यात साधारण १३० वॅट असतात. आता हाच वारा झटक्याझटक्याने येतो असं धरू. सरासरी तीच, पण चढउतार २० टक्क्यांचा. घनाचं गणित मांडलं की सरासरी शक्ती सुमारे १२ टक्क्यांनी वाढते, म्हणजे १३० चे १४५ होतात. वाढ होते हे मान्य, पण तीही सगळी हाती लागत नाही, कारण झटका येऊन गेला तरी पवनचक्कीचं जड चक्र वेग पकडेपर्यंत वेळ लागतो. शिवाय ही खळबळ येते कुठून? घरं, झाडं, कठडे यांच्यावर वारा आपटल्यामुळे. तेच आपटणं सरासरी वेगही खातं. वेग ६ वरून ४ वर आला की १३० वॅटचे ३८ उरतात. म्हणजे १२ टक्क्यांच्या लोभापायी ७० टक्के गमवायचे.

मुळात खळबळ हा ऊर्जेचा वेगळा साठाच नव्हे. प्रवाहाचीच ऊर्जा मोठ्या भोवऱ्यांत जाते, ते फुटून लहान होतात, त्यांचे आणखी लहान, आणि शेवटी चिकटपणामुळे तिची उष्णता होते. या उतरंडीचं गणित रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव यांनी १९४१ मध्येच मांडलं. धरण बांधणाऱ्यांना तर हे पक्कं ठाऊक असतं. सांडव्यावरून सुसाट आलेलं पाणी नदीचा तळ खरवडू नये म्हणून पायथ्याशी मुद्दाम हायड्रॉलिक जंप घडवतात: पाणी उसळतं, फेसाळतं, गर्जतं आणि निमूट पुढे जातं. तो पांढरा फेस म्हणजे ऊर्जा मारण्याची सोय. १०० मीटरवरून पडलेल्या पाण्याची सगळी ऊर्जा अशी खर्ची पडली तर ते जेमतेम पाव अंशाने तापतं. ती उष्णता परत गोळा करून तिची वीज करायचं नाव कोणी घेत नाही. म्हणूनच जलविद्युत केंद्रात पाणी वरूनच पाइपात घेऊन थेट टर्बाइनवर सोडतात. खळाळ टाळणं हाच त्यातला मुद्दा.

आता खांब. यात गंमत अशी की हा खांब वाऱ्यातली खळबळ पकडतच नाही. गोल खांबाच्या दोन बाजूंनी आळीपाळीने भोवरे सुटतात, त्यांच्या ढकलण्याने तो डोलतो. १० सेंटिमीटर जाडीच्या खांबामागे, ५ मीटर वेगाच्या वाऱ्यात, सेकंदाला सुमारे १० वेळा ही आळीपाळी चालते. वारा ७ झाला की १४ वेळा. खांबाची स्वतःची लय या आकड्याशी जुळली तरच डोलणं वाढतं, आणि त्यासाठी वारा बऱ्यापैकी एकसारखा लागतो. उंच धुराड्यांच्या वरच्या भागाला स्क्रूसारखी गुंडाळलेली पट्टी पाहिली असेल. ती शोभेची नाही. वेगवेगळ्या उंचीवर भोवरे एका तालात सुटू नयेत, धुराडं डोलू नये म्हणून ती लावलेली असते. झोडपणारा वारा खांबाच्या बाबतीत नेमकं हेच ताल बिघडवण्याचं काम करतो.

क्षेत्रफळाचंही बघा. ३ मीटर उंच खांब डोलताना अगदी ३० सेंटिमीटरचा पट्टा झाडतो असं उदारपणे धरलं तरी एक चौरस मीटर भरत नाही. पवनचक्कीचं ३ मीटर व्यासाचं चक्र ७ चौरस मीटर झाडतं. आणि वाऱ्यातल्या ऊर्जेपैकी जास्तीत जास्त ५९.३ टक्केच काढता येते, ही बेट्झ यांची मर्यादा पाती नसली म्हणून सुटत नाही. ती प्रवाहाची मर्यादा आहे, पात्यांची नव्हे.

याच कल्पनेला पाण्यात जरा बरे दिवस आहेत, हे सांगायला हवं. पाणी हवेच्या ८०० पटींहून घन असल्याने सेकंदाला १ मीटर वेगाच्या संथ प्रवाहातही चौरस मीटरमागे ५०० वॅट असतात. मिशिगन विद्यापीठात बर्निट्सास यांनी अशा संथ पाण्यासाठी डोलणाऱ्या नळकांड्यांचं यंत्र विकसित केलं. संथ पाण्यासाठी, खळाळत्या नव्हे.

छपराचा सल्ला तर सरळ तोट्याचा. सपाट छपराच्या कडेला काठीला रिबीन बांधून धरा. कठड्याजवळ ती लोंबते, गिरकी घेते, मध्येच उलटी वाऱ्याच्या दिशेनेच फडफडते. काठी बरीच उंच नेली की सरळ ताणली जाते. ब्रिटनमध्ये २००७-०८ च्या सुमारास इमारतींवरच्या छोट्या पवनचक्क्या मोजून पाहिल्या गेल्या (वॉरिक विंड ट्रायल्स). त्यांनी सरासरीने आपल्या क्षमतेच्या ५ टक्केसुद्धा वीज दिली नाही.

राहिला हौदातला भोवरा. त्यातली ऊर्जा भोवऱ्याची नाही, पाणी किती उंचीवरून पडतं त्याची आहे. सेकंदाला १ घनमीटर पाणी दीड मीटर पडतं तर एकूण १४.७ किलोवॅट, मग ते गरगरत जावो की सरळ. निम्मं हाती लागलं तर ७. नीट बसवलेलं कॅपलान टर्बाइन (कमी उंचीवरून पडणाऱ्या पाण्यासाठीचं, पंख्यासारख्या पात्यांचं) त्याच पाण्यातून बरंच जास्त काढतं. भोवऱ्याच्या हौदाचे फायदे आहेत, बांधकाम सोपं, काडीकचरा सहज निघून जातो. पण ज्यादा वीज हा त्यांतला नाही.

खवळलेल्या पाण्यात टर्बाइन टाकल्याचं काय होतं, हे कॅनडाच्या फंडीच्या उपसागराने दाखवलं. नोव्हेंबर २००९ मध्ये तिथे भरती-ओहोटीच्या प्रवाहात १० मीटर व्यासाचं टर्बाइन उतरवलं. प्रवाह अंदाजापेक्षा जबर निघाला आणि काही आठवड्यांत पाती मोडली.

खळबळीचा खरा उपयोग व्हिडिओत कुठेच येत नाही. मोठ्या विंड फार्ममध्ये पुढच्या रांगेने वारा मंदावल्यावर मागच्या रांगांना नवा वारा वरून खाली आणून देते ती ही ढवळाढवळच. पवनचक्क्या साधारण चक्राच्या व्यासाच्या ५ ते १० पट अंतराने उभ्या करतात, त्यामागे या भरपाईचा हिशोब असतो. समुद्रावर हवा कमी ढवळते, म्हणून तिथल्या मंद वाऱ्याचं शेपूट कधीकधी दहा-दहा किलोमीटर आणि त्याहूनही मागे पसरतं.