कुणाचा कप?

"ताई, २५० ग्रॅम मैदा म्हणजे किती कप गं? पटकन सांग, ओव्हन तापत ठेवलाय."

परवा मावसबहिणीचा मेसेज आला. पूर्वी मी डोळे झाकून "दोन कप" असं ठोकून दिलं असतं. वर्षानुवर्षं दिलंयही. हल्ली मी उलट विचारते, "कुणाचा कप?" आणि समोरच्याला वाटतं, घ्या, आल्या मोठ्या शहाण्या.

पण यामागे एक फसलेला केक आहे. रेसिपीत तीन कप मैदा होता. मी तीनच कप घातला, एक चमचा इकडचा तिकडे केला नाही. ओव्हनमधून बाहेर आला तेव्हा वर भेग, आत कोरडाठक्क, आणि वजन असं की पायरीला वीट म्हणून बसवता आला असता. मी आधी ओव्हनला दोष दिला, मग बेकिंग पावडर जुनी झाली म्हटलं, मग रेसिपी लिहिणारीला मनातल्या मनात चार शब्द सुनावले. शेवटी एका दुपारी काट्यावर वाडगा ठेवला आणि एकच कप तीन तऱ्हांनी भरून बघितला.

पहिल्यांदा मैदा काट्याच्या चमच्याने मोकळा केला, साध्या चमच्याने हलक्या हाताने कपात सोडला, सुरीच्या पाठीने वर सपाट केला. १२१ ग्रॅम. दुसऱ्यांदा माझ्या नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे कप सरळ डब्यात खुपसून. १४२. तिसऱ्यांदा तसाच खुपसला आणि सवयीने ओट्यावर दोनदा आपटला. १५३! कप तोच, मैदा तोच, हातही माझाच. तीन कपांच्या रेसिपीत पहिल्या आणि तिसऱ्या पद्धतीत ९६ ग्रॅमचा फरक पडतो. म्हणजे जवळजवळ पाऊण कप मैदा मी फुकटात जास्त घालत होते आणि वर ओव्हनला शिव्या देत होते.

हे झालं हाताचं. खुद्द कपाचं तरी कुठे एकमत आहे? अमेरिकन कप साधारण २३७ मिलीचा. त्यांच्याच पाकिटांवरच्या पोषणाच्या तक्त्यात तो २४० धरतात. ऑस्ट्रेलियात २५०. जपानमध्ये २००, आणि तिथे तांदूळ मोजायचा कप आणखी वेगळा, १८० चा. मोठ्या चमच्याचं, म्हणजे टेबलस्पूनचं, तेच. बहुतेक ठिकाणी १५ मिली, पण ऑस्ट्रेलियात २०. तिथल्या रेसिपीतला मोठा चमचा म्हणजे चार छोटे चमचे, तीन नव्हेत. लहान चमचा मात्र सगळीकडे गुणी बाळासारखा ५ मिलीचा.

यावर ठरलेला प्रश्न येतो: सगळं एकाच कपाने मोजलं तर प्रमाण तेच राहील ना? मलाही हे बरेच दिवस पटलं होतं. पण अंडं काही तुमचा कप बघून लहानमोठं होत नाही. साच्याचा आकार बदलत नाही. लोणी ग्रॅममध्ये दिलेलं असलं तर ते बदलत नाही. मैदा, साखर, दूध कपाबरोबर वाढतात आणि अंडी दोनची दोनच राहतात.

आता ते चार्ट. दर दोन महिन्यांनी कुठल्या तरी ग्रुपवर "सेव्ह करून ठेवा" म्हणत एक रंगीत तक्ता येतो: १ कप = २५० ग्रॅम. कशाचे? ते लिहिलेलंच नसतं. पाण्याच्या बाबतीत मिली आणि ग्रॅम एकच, म्हणून पाणी ठीक. पण अमेरिकन कपभर साखर साधारण २०० ग्रॅम, मैदा हलक्या हाताने भरला तर १२०, कोको पावडर जेमतेम ८५, आणि मध ३४०. एकाच भांड्यात कोको आणि मध यांच्यात चौपट फरक! त्या तक्त्याप्रमाणे कुणी कोको घातला तर केक नाही, कोळसा खावा लागेल.

औंसाची गंमत तर आणखी वरची. औंस दोन आहेत, एक वजनाचा (२८ ग्रॅमच्या किंचित वर) आणि एक द्रवाच्या मापाचा. अमेरिकन कप म्हणजे ८ औंस, पण ते द्रवाचे. रेसिपीत "८ औंस मैदा" असेल तर ते वजन, म्हणजे २२७ ग्रॅम. "८ औंस म्हणजे एक कप" असं पाठ असणारा माणूस तिथे १२० ग्रॅम घालून मोकळा होतो आणि मग केक बसला का, म्हणून विचारत फिरतो.

खरं तर हे कपाचं माप आलं तेव्हा ती सुधारणाच होती. त्याआधीच्या रेसिप्यांमध्ये "अंड्याएवढं लोणी" असं सर्रास लिहिलेलं असायचं. बॉस्टनच्या फॅनी फार्मर बाईंनी १८९६ मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात शीग नको, कप आणि चमचा काठाशी सपाट करूनच मोजा, असा आग्रह धरला. "अंड्याएवढ्या"च्या मानाने ही केवढी मोठी मजल! पण घरोघरी डिजिटल काटा आल्यावरही आपण तिथेच अडून बसावं, हे मला पटत नाही.

मात्र काट्याचीही आंधळी भक्ती नको. साधा काटा एकेका ग्रॅमने मोजतो. ३ ग्रॅम सोडा मोजायला गेलात तर तो २ म्हणेल नाहीतर ४, आणि चिमूटचिमूट टाकत राहिलात तर कित्येकदा त्याला पत्ताही लागत नाही. सोडा, बेकिंग पावडर, मीठ, यीस्ट हे मी चमच्यानेच घेते, शीग न ठेवता. आणि मिठाचा खडा जाड असेल तर चमच्यात बारीक मिठापेक्षा बरंच कमी मावतं, हेही एकदा अळणी ब्रेड खाऊन शिकले.

रेसिपी वाचतानाही स्वल्पविरामावर नजर ठेवा. "१ कप चाळलेला मैदा" आणि "१ कप मैदा, चाळून" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात आधी चाळायचं आणि मग मोजायचं, दुसऱ्यात आधी मोजायचं. चाळलेल्या मैद्यात हवा असते, त्यामुळे तो कपात कमी बसतो.

साच्याचं थोडक्यात सांगते: इंच बघू नका, क्षेत्रफळ बघा. ९ इंची गोल साचा आणि ८ इंची चौकोनी साचा जवळपास सारखेच. ८ इंची गोल साच्याची रेसिपी ६ इंचीत करायची तर निम्म्याहून थोडं जास्त मिश्रण पुरतं. आणि रेसिपीत ओव्हनचं तापमान ३५० लिहिलेलं असतं ते फॅरनहाइट आहे हो, आपल्या सेल्सिअसमध्ये १७७, म्हणून १८० लावा. पंख्याचा ओव्हन असेल तर २० ने कमी. माझी एक मैत्रीण ओव्हनच्या बटणावर ३५० शोधत बसली होती, ते २५० लाच संपत होतं.

तर मावसबहीण. तिच्याकडे काटा नाही. मी म्हटलं, मैद्याचं न फोडलेलं एक किलोचं पाकीट आहे? आहे म्हणाली. मग तोच तुझा काटा. नेहमी भरतेस तस्साच कप भर, सपाट कर, आणि पाकीट रिकामं होईपर्यंत मोजत जा. माझ्यासारखी भरू नकोस, तुझ्यासारखी भर.

वीस मिनिटांनी उत्तर आलं. "सव्वासात कप झाले. ओट्यावर नुसता धुरळा उडालाय. ओव्हन बंद केला."

सव्वासात कपांचा किलो, म्हणजे तिचा एक कप १३८ ग्रॅमचा. मी कळवलं: तुझे २५० ग्रॅम म्हणजे तुझे पावणेदोन कप आणि वर एक मोठा चमचा.

"मग आधी दोन कप का सांगायचीस?"