उणे पाच

मुलांना घेऊन तंबूत राहायला जायचे, असे एका बेसावध संध्याकाळी मी कबूल करून बसलो आणि पुढचे पंधरा दिवस स्लीपिंग बॅग या एकाच विषयाच्या अभ्यासात घालवले. अट एकच होती, बॅग स्वस्त हवी. पिसांच्या बॅगा हलक्या आणि उबदार खऱ्या. पण भिजल्या की त्यांच्यातली पिसे गोळा होऊन बसतात आणि ऊब नाहीशी होते. चार वर्षांच्या धाकटीच्या बाबतीत रात्री भिजणे ही शक्यता नसून वेळापत्रक आहे. त्यामुळे धुता येणारी, लवकर वाळणारी आणि खिशाला झेपणारी सिंथेटिक बॅग आम्ही एकमताने मंजूर केली.

मग तापमानाचा प्रश्न आला. लेबलावर ‘उणे ५’ असे ठळक छापलेले पाहून मी मनातल्या मनात एक हिमशिखर सर करून टाकले. चष्मा लावल्यावर कळले की आकडे तीन असतात : कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. माझा आकडा तिसरा होता आणि त्याचा अर्थ ‘गाढ झोप लागेल’ असा नसून ‘बहुधा जीव वाचेल’ असा होता. कम्फर्टचा आकडा होता १०, आणि तो मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलेला होता. शिवाय ही मोजमापे मोठ्या माणसाच्या आकाराच्या, आतून तापवलेल्या पुतळ्यावर घेतात. हा पुतळा मध्यरात्री लाथा झाडून अर्धा बाहेर येत नाही आणि ‘बाबा, शू’ असेही म्हणत नाही, हे लेबलावर कुठेही लिहिलेले नसते.

राहता राहिले माप. गणवेशापासून बुटांपर्यंत सारे वाढत्या अंगाचे घेण्याची आमच्या घराण्याची परंपरा असल्यामुळे मी थेट मोठ्या माणसाची बॅग घेण्याच्या बेतात होतो. परंतु बॅग स्वतः ऊब निर्माण करत नाही, अंगाची ऊब फक्त धरून ठेवते, आणि पायाखालची सगळी रिकामी हवा त्या एवढ्याशा जिवालाच तापवावी लागते. यावर तोडगा म्हणजे बॅगेचा खालचा भाग दुमडून दोरीने घट्ट बांधायचा. थोरल्यासाठी मोठीच बॅग घेऊन तसा तो बांधला. धाकटीला मात्र तिच्याच उंचीची, डोक्यावर टोपी नसलेली बॅग घेतली. झोपेत टोपी तोंडावर आली तर नको, म्हणून.

प्रत्यक्ष तंबूत थोरल्याने बॅगेची चेन इतक्या जोरात ओढली की आतले कापड तिच्या दातांत अडकले, आणि ते सोडवताना मी तोंडात टॉर्च धरून, गुडघ्यांवर बसून, एकेक दात मागे सरकवत अर्धा तास काढला. जमिनीचा गारवा रोखणाऱ्या जाड मॅट अंथरल्या होत्या म्हणून निदान माझे गुडघे वाचले.

रात्री दोनला धाकटी ‘बाहेर भूत आहे’ म्हणत माझ्या बॅगेत शिरली. पाठोपाठ, भुताला आपण घाबरत नाही हे सांगायला थोरलाही आला. माझी बॅग दोघांना अगदी मापाची झाली. मी निमूटपणे थोरल्याच्या वाढत्या अंगाच्या बॅगेत पाय घातले आणि ते गुडघ्यांशीच अडले. खालची दोरी सोडायची राहिली होती, आणि टॉर्च माझ्या बॅगेत, मुलांच्या खाली होता.