चौपाटीचं पाणी आणून खारा टँक होत नाही

व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून एक सल्ला नेहमी फिरत असतो. त्याचा मथितार्थ असा: मुंबई-कोकणात राहणाऱ्याला समुद्री मासे पाळायचा खाऱ्या पाण्याचा टँक जवळजवळ फुकट पडतो. चौपाटीवरून चार कॅन पाणी आणि बादलीभर वाळू आणा, खडकावरची पोवळी उचला, त्याच संध्याकाळी ‘निमो’ची, म्हणजे क्लाउनफिशची, जोडी सोडा. पाणी आटलं की पुन्हा समुद्राचंच घाला. समुद्र लांब असेल तर जाडं मीठ विरघळवा, तेही समुद्रातूनच येतं ना!

या सल्ल्यापायी मासे हकनाक मरतात, म्हणून एकेक मुद्दा बघू. हिशेबाला ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँक धरू. तो काठोकाठ भरला तर १९० लिटरचा, पण दगड-वाळू टाकल्यावर पाणी मावतं १६० लिटरच्या आसपास.

‘जाडं मीठ समुद्राचंच असतं.’ समुद्रातून येतं हे खरं, पण येताना निम्मा समुद्र मागे ठेवून येतं. मिठागरात पाणी आटायला लागलं की आधी चुना आणि जिप्सम तळाला बसतात, म्हणजे कॅल्शियम तिथेच जातं. मग मिठाचे खडे धरतात. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम शेवटच्या कडू पाण्यात उरतात आणि ते पाणी काढून टाकतात. हाती येतं ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असले तर त्यातलं साधं मीठ २७ ग्रॅमच्या आसपास. बाकीच्यात लिटरमागे सुमारे १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम, ४०० च्या थोडं वर कॅल्शियम आणि पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कली आहे ते) धरून ठेवणारे कार्बोनेट असतात. ते नसले की पीएच ८.१ ते ८.३ वर टिकत नाही, आणि गोगलगाय, कोळंबी, पोवळी यांना कवच-सांगाडा बांधायला काही मिळत नाही.

त्यामुळे अ‍ॅक्वेरियमसाठीचं तयार सागरी मीठच घ्या. लिटरला साधारण ३७ ग्रॅम लागतं, म्हणजे आपल्या टँकला ६ किलोच्या आसपास. पाणी आधी घ्यायचं, पंप चालू करायचा आणि मीठ थोडं थोडं सोडायचं. उलट केलं, मिठावर पाणी ओतलं, तर कॅल्शियम पांढरं होऊन खाली बसतं आणि पाणी दुधाळ राहतं. रात्रभर ढवळू द्या, मग रिफ्रॅक्टोमीटर या खारेपणा मोजायच्या उपकरणावर ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे सुमारे १.०२६ सापेक्ष घनता, आली का बघा. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलेला ३५ च्या आसपास चुकीचा आकडा दाखवू शकतो.

‘पाणी आटलं की समुद्राचं घाला.’ इथे सर्वांत साधा हिशेब चुकतो. वाफ होते ती पाण्याची, मीठ टँकमध्येच राहतं. आठवड्याला ८ लिटर आटलं आणि तितकंच खारं पाणी भरलं, तर २८० ग्रॅम मीठ वाढलं. चार आठवड्यांत ३५ चे ४२ पीपीटी होतात. आटलेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्यानेच करायची. काचेवर मार्करने रेघ ओढा आणि रोज सकाळी त्या रेघेपर्यंत भरा.

गोडं पाणी मात्र नळाचं नको, आरओ-डीआय फिल्टरचं, म्हणजे क्षार पूर्ण काढलेलं हवं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. स्वयंपाकघरातल्या आरओवर भरवसा ठेवू नका. चवीसाठी त्यात बऱ्याचदा मुद्दाम क्षार मिसळलेले असतात, आणि ‘कॉपर’वाल्या यंत्रात तांबं. माणसाला ते चालतं, कोळंबी-गोगलगायींना तेच तांबं विष.

‘चौपाटीचं पाणी म्हणजे खरा समुद्र.’ मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी आणि बोटींचं तेल उतरतं. खाडीच्या तोंडाशी खारेपणा भरती-ओहोटीगणिक बदलतो, पावसाळ्यात तर पार उतरतो. नैसर्गिक पाणी वापरायचंच असेल तर ते उन्हाळ्याआधीच्या कोरड्या महिन्यांत, नदी-खाडीपासून दूर, बोटीने आत जाऊन आणावं. आणल्यावर अंधारात, हवेचे बुडबुडे सोडत दोन आठवडे ठेवायचं, अमोनिया शून्य आहे याची खात्री करायची आणि तळाचा गाळ मागे सोडून वरचं तेवढं घ्यायचं. एवढं करायला सगळ्यांना जमत नाही.

‘वाळू आणि पोवळी उचला.’ रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर वाळूत इल्मेनाइट हे लोहयुक्त काळं खनिज असतं आणि ओल्या वाळूत कुजकं सेंद्रिय खूप. टँकसाठी अ‍ॅरागोनाइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, वाळू घ्या. कालवं चिकटलेला दगड आणलात तर ती कालवं लवकरच मरून सडतात. आणि पोवळ्यांचं म्हणाल तर कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत, समुद्रघोडेही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं. तिथून तुकडा उचलणं हा गुन्हा आहे, आणि ज्या प्रवाळाला वाढायला वर्षानुवर्षं लागतात तो घरच्या बादलीत मरतो.

‘त्याच संध्याकाळी मासे सोडा.’ माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, आणि नव्या टँकमध्ये तो खाणारे जिवाणू नसतात. खाऱ्या टँकला हे जास्त महागात पडतं. पीएच ७ ला अमोनियाचा विषारी भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, ८.२ ला तो पाच टक्क्यांच्या वर जातो. माशाचे कल्ले जोरात उघडझाप करतात, तो पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन हवा ओढतो, आणि लोक म्हणतात मासाच नाजूक होता.

म्हणून आधी हे जिवाणू वाढू द्या: मासे न सोडता टँक दगड, वाळू, पंपासह चालू ठेवा आणि जिवाणूंना खाद्य म्हणून अमोनिया घाला. १६० लिटरला साधारण १ ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड घातलं की अमोनिया २ पीपीएमजवळ (लिटरला २ मिलिग्रॅम) येतो. किराणा दुकानातला नवसागर नको, प्रयोगशाळेच्या प्रतीचा घ्या. असा २ पीपीएमचा डोस २४ तासांत संपून अमोनिया आणि त्यापासून बनणारं विषारी नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की टँक तयार. याला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. मग शेवटी साठलेलं नायट्रेट कमी करायला निम्मं पाणी बदला. पुढे दर आठवड्याला १० टक्के पुरे, नवं पाणी त्याच तापमानाचं आणि त्याच खारेपणाचं.

तापमानाचा त्या सल्ल्यात उल्लेखही नाही. २५-२६ अंश हवेत. मे महिन्यात पाण्यावर पंखा मारून दोन-तीन अंश उतरतात, पण मुंबईच्या दमट हवेत पुण्याइतके नाही. मुंबईत चिलरची, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राची, तयारी ठेवा.

मासे घेताना आधी एकच क्लाउनफिशची जोडी घ्या. समुद्रात ती ज्याच्या आसऱ्याने राहते त्या समुद्रपुष्पाशिवायही (सी-अ‍ॅनिमोनी) ती मजेत राहते. समुद्रपुष्पाला जोरदार प्रकाश आणि मुरलेला टँक लागतो, त्यामुळे पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका. जोडी हॅचरीत, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रात, वाढवलेलीच मागा आणि दुकानदाराला तुमच्यासमोर खाणं टाकायला सांगा. झेपावून खाल्लं नाही, तर त्या दिवशी रिकाम्या हाताने परत या.