सूज उतरली म्हणजे गाठ आटोक्यात आली असं नाही

‘व्हिटॅमिन्सनी शरीरातली सूज कमी होते, त्यामुळे किमो-रेडिएशन चालू असताना ती घेतली तर फायदाच’ हे कॅन्सरच्या उपचारांत व्हिटॅमिन्स घेण्यावरच्या एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. सीआरपीचा (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) आकडा खाली येणं वेगळं आणि गाठ आटोक्यात येणं वेगळं. रेडिएशन पेशी मारतं तेच मुळी बऱ्याच अंशी ऑक्सिजनचे मारक रेणू तयार करून. मोठ्या डोसची अँटिऑक्सिडंट्स, म्हणजे व्हिटॅमिन ई, बीटा कॅरोटीन यांच्यासारखे पदार्थ, नेमके तेच रेणू निकामी करू शकतात! ही नुसती भीती नाही. डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या ५४० रुग्णांवरची कॅनडातली चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटीन एकत्र घेणाऱ्यांना रेडिएशनचा त्रास कमी झाला खरा, पण पुढच्या विश्लेषणात व्हिटॅमिन ई घेतलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं.

आईच्या किमोच्या वेळी नर्स दर खेपेला ‘आणखी कुठली औषधं?’ विचारायची आणि आई ठामपणे ‘काही नाही’ म्हणायची. पर्समध्ये नातेवाइकांनी दिलेल्या तीन बाटल्या असायच्या. तिच्या लेखी ती औषधं नव्हतीच, ‘ताकदीच्या गोळ्या’ होत्या. शेवटी मीच त्या डॉक्टरांच्या टेबलावर मांडल्या. त्यांनी दोन बंद केल्या. व्हिटॅमिन डी मात्र रक्ततपासणीत कमी आलं होतं म्हणून चालू ठेवलं. काही उपचारांत तर व्हिटॅमिन लागतंच, उदाहरणार्थ पेमेट्रेक्सेड या किमोच्या औषधासोबत फॉलिक ॲसिड आणि बी-१२ द्यावंच लागतं. कुठलं, किती आणि कधी, हे लेखात यायलाच हवं होतं.