"तीन महिन्यांत तीन इंच"वाला मेसेज आणि आमच्या घरातला पाय

आपल्या इंदूरच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवस झाले तो मेसेज फिरतोय, पाय लांब करायचं ऑपरेशन आता एकदम सेफ, तीन महिन्यांत तीन इंच उंची, नवीन हाड जुन्याहून मजबूत, फ्रेम (हाड ताणायला पायाबाहेर बसवून तारा-पिनांनी हाडाला जोडलेला सांगाडा) निघाली की पळायला मोकळे. रामबागेतल्या माझ्या मावसभावाचं हेच ऑपरेशन झालंय, लहानपणच्या अपघाताने एक पाय 4 सेंटीमीटर आखूड राहिला होता म्हणून. सगळं जवळून बघितलंय त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी ते तीन महिने. हाड मुद्दाम कापतात, पाच-सात दिवस थांबतात, मग रोज 1 मिलिमीटर ताणतात, तेही पाव-पाव करून चार वेळा. सायबेरियातल्या कुर्गानच्या डॉ. इलिझारोव्हनी ही पद्धत बसवली. घाई केली तर मधे हाड धरतच नाही, फार हळू गेलं तर वेळेआधीच जुळून बसतं. तीन इंच म्हणजे 76 मिलिमीटर, अडीच महिने तर नुसते ताणण्यातच गेले, आणि मधल्या फटीत नवीन हाड भरून पक्कं व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो, तो कुठे गेला?

आता "मजबूत". मावशीने एक्स-रे खिडकीशी धरला आणि म्हणाली, "अरे यात तर मधे काहीच नाहीये!" होतं, पण धुरासारखे उभे धागे, बस. त्याचं खरं हाड व्हायला महिनोन्महिने लागतात आणि तोवर ते वाकू शकतं, मोडू शकतं. पुढे ते नेहमीच्या हाडासारखं होतं, हे खरंय, पण मेसेजवाला ते आजच झाल्यासारखं सांगतोय.

फ्रेम निघाली की मोकळे, हे तर सगळ्यात धोक्याचं. तोवर भार फ्रेम झेलत असते, तो एकदम हाडावर येतो, वर तारा-पिनांची भोकं असतात, आणि इतके महिने नीट न वापरल्याने जुनं हाडही हलकं झालेलं असतं. भावाची फ्रेम काढली तेव्हा कुबडी किती दिवस ठेवायची हे कोणी धड सांगितलंच नाही. अठराव्या दिवशी मोरीच्या उंबऱ्यावर नुसता तोल गेला, पडलासुद्धा नाही, भिंत धरली, आणि नवीन हाडातच फ्रॅक्चर. परत प्लास्टर. त्या रात्री तो रडला ते पायासाठी नाही, परत पहिल्यापासून सगळं, म्हणून.

"हाडाच्या आत धातूचा रॉड असला की मोडत नाही" असंही म्हणतात, तेही चूक, भार लवकर टाकला तर रॉड वाकतो, तुटतो, स्क्रूही तुटतात. आणि सिगरेट ओढणाऱ्याचं हाड भरायला जास्त वेळ लागतो, ते तर मेसेजमध्ये नावालाही नाही.

मी ऑपरेशनच्या विरोधात नाहीये, भाऊ आज टाचेखाली उंची न लावता चालतो. पण ज्या काकांनी मुलाच्या उंचीसाठी चौकशी सुरू केलीये त्यांनी डॉक्टरांना एवढं नक्की विचारा, की समोरून आणि बाजूने एक्स-रे काढला की हाडाच्या चार कडा दिसतात, त्यातल्या निदान तीन सलग भरल्याशिवाय फ्रेम काढणार नाही ना, आणि काढल्यावर कुबडी किती दिवस, ते कागदावर लिहून द्या.