पुढचा भाग कुठे आहे?

आज सकाळी साडेसातला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मजकूर येऊन पडला. वर झेंडूच्या फुलांचे चित्र, खाली 'आजच्या पिढीने अवश्य वाचावे' अशी सूचना आणि शेवटी नुसते 'साभार'. कोणाचे आभार, याचा पत्ता नाही. विषय १९७२ चा दुष्काळ. सवयीप्रमाणे मी तो न वाचताच पुढे जाणार होते, पण एका वाक्यावर अंगठा थांबला. "सुकडीच्या पोत्यावर बसून मी मस्टर भरत असे, उठलो की पँटीला भुगा लागलेला असे, पण तो लोकांदेखत झटकायचा नाही असे मुकादमाने बजावले होते, कारण समोर पोरे बसलेली असत."

हे वाक्य माझ्या वडिलांचे आहे.

अण्णा तेव्हा चोवीस वर्षांचे होते आणि करमाळा तालुक्यात एका पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर हजेरी कारकून होते. मस्टर म्हणजे हजेरीपट, आणि सुकडी म्हणजे अशा कामांवर वाटला जाणारा कोरडा, पौष्टिक खाऊ. मी ग्रुपवर लगेच लिहिले की हा लेख माझ्या दिवंगत वडिलांचा आहे, कृपया त्यांचे नाव घालून पुढे पाठवावा. उत्तरादाखल हात जोडलेल्या दोन आकृत्या आल्या आणि त्यांच्याखाली, बी विंगच्या टाकीची सफाई असल्यामुळे दुपारी पाणी येणार नाही, ही सूचना आली. ग्रुपच्या दृष्टीने विषय संपला.

माझा दिवसभर संपलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे. ज्या काकांनी तो मजकूर पाठवला त्यांच्यावर माझा राग नाही; त्यांच्याकडेही तो कोठून तरी तसाच आलेला असणार. राग याचा आहे की मूळ लेख कसा होता हे दाखवायला आज माझ्याकडे काहीही नाही. फॉरवर्ड झालेल्या मजकुरात मी मोजून अकरा उद्गारचिन्हे पाहिली. अण्णांनी आयुष्यात उद्गारचिन्ह वापरले नाही; सरकारी टिपणीत ते चालत नाही, असे ते म्हणत. गावांच्या नावाआधी ते न चुकता 'मौजे' लिहीत, ते सगळे 'मौजे' गळले आहेत. आणि शेवटी कोणीतरी स्वतःच्या पदरचे जोडले आहे की आज पिझ्झा खाणाऱ्या मुलांना भुकेची किंमत काय कळणार. अण्णा नातवाबरोबर बसून आवडीने पिझ्झा खात असत, फक्त त्यावरची ऑलिव्हे बाजूला काढून ठेवत.

आता हा लेख हरवला कसा, ते सांगते.

अण्णांनी २००९ मध्ये ब्लॉगस्पॉटवर ब्लॉग सुरू केला. निवृत्त होऊन तीन वर्षे झाली होती. 'बरहा' हे मराठी टंकनाचे सॉफ्टवेअर वापरून एकेक अक्षर टंकित करायला ते शिकले, आणि दर पंधरवड्याला एक लेख या हिशेबाने, मस्टर भरावे तितक्या नेमाने, लिहू लागले. वाचक फार नव्हते, पण जे होते ते पक्के होते. एखादा गृहस्थ बार्शीहून, एखादी मुलगी न्यू जर्सीहून; त्यांच्या प्रतिक्रिया लेखांइतक्याच लांब असत. २०१४ च्या सुरुवातीला त्यांनी दुष्काळाच्या आठवणींचे दोन भाग लिहिले. पहिल्यात रेशनवरच्या मिलोची, म्हणजे परदेशी तांबड्या ज्वारीची, लाल भाकरी आहे, दुसऱ्यात कामावरची माणसे आहेत. मे १९७३ मध्ये राज्यभरात सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती असे आपण वाचतो आणि पान उलटतो. अण्णांच्या दुसऱ्या भागात त्यांपैकी एकोणीस जण नावानिशी भेटतात. तो भाग 'सुकडीची हकिकत पुढील भागात' या वाक्याने संपतो.

पुढील भाग ब्लॉगवर कधी आलाच नाही. तो त्यांनी वर्षभराने एका समाजमाध्यमावरच्या आपल्या खात्यात लिहिला. त्या कंपनीचे नाव मी घेत नाही. अण्णा २०१९ मध्ये गेले. त्यानंतर वर्षाच्या आत कोणीतरी त्या खात्यात शिरले आणि माझ्या दिवंगत वडिलांच्या नावाने ओळखीच्या सगळ्यांना निम्म्या किमतीतले गॉगल विकायला लागले. तक्रारी झाल्या आणि खाते बंद झाले. ते परत मिळवायचे तर सहा आकडी कोड हवा, तो येणार अण्णांच्या मोबाइलवर, आणि तो नंबर आम्ही रिचार्ज न केल्यामुळे तोवर दुसऱ्या कोणाला तरी मिळालेला. मृत्यूचा दाखला स्कॅन करून मी तीनदा पाठवला. तिन्ही वेळा आभाराचे तेच पत्र आले. चार वर्षांचे लेखन, खाली जमलेल्या शेकडो प्रतिक्रियांसकट गेले.

ब्लॉगवरचे दोन भाग मात्र आहेत तिथे आहेत. आज दुपारी शोधून पाहिले, अर्ध्या मिनिटात सापडले. बार्शीच्या गृहस्थांची प्रतिक्रियाही जागेवर आहे.

म्हणून मला राहून राहून संताप येतो तो आपल्या सगळ्यांचा, म्हणजे लिहित्या माणसांचा. तुम्ही माझ्या यादीतले जवळजवळ सगळे कधी ना कधी ब्लॉग लिहीत होता. काय सुंदर लिहीत होता. आणि आता दीड-दीड हजार शब्द सरळ इथल्या, फेसबुकच्या चौकटीत ओतता, दोन दिवस वाहवा मिळते, तिसऱ्या दिवशी तो मजकूर कोठे गेला हे तुमचे तुम्हालाही सापडत नाही. मग पुढच्या वर्षी आठवण म्हणून तोच पुन्हा वर येतो आणि आपल्याला केवढा आनंद होतो, जणू हरवलेली छत्री रिक्षावाल्याने घरी आणून दिली. आपलेच लेखन आपल्याला कधी दाखवायचे हे दुसरा कोणी ठरवतो, याची आपल्याला लाजही वाटेनाशी झाली आहे.

आणि या जागा कायमच्या आहेत असे कोणी सांगितले? ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले. पोस्टरस नावाची ब्लॉग लिहिण्याची सोपी, छान सोय होती. ती ट्विटरने २०१२ मध्ये विकत घेतली आणि पुढच्या वर्षी बंद केली. गुगल प्लसवर आपल्यातले किती जण हौसेने गेले होते; ते २०१९ च्या एप्रिलमध्ये मिटले. इथल्या फेसबुकवर 'नोट्स' होत्या, लांब लेखनासाठीच होत्या, त्या २०२० च्या ऑक्टोबरअखेर नव्याने लिहिता येईनाशा झाल्या. 'कू'वर मराठीतही लिहिता येत होते आणि त्याचे केवढे कौतुक झाले. २०२४ च्या जुलैत त्यांनीही गाशा गुंडाळला. प्रत्येक वेळी आपण नव्या मांडवात जाऊन पहिल्यापासून पंगत मांडतो.

ब्लॉगस्पॉट तरी कुठे माझ्या मालकीचे आहे, गुगलचेच आहे, हे मान्य. पण त्यातले सगळे लेखन प्रतिक्रियांसह एका फाइलमध्ये उतरवून घेता येते आणि उद्या दुसरीकडे नेता येते. वर्षाला हजाराच्या आसपास रुपये मोडले तर स्वतःच्या नावाचा पत्ताही मिळतो. इथूनही आपली माहिती उतरवून घेता येते, ती सोय सेटिंगमध्ये आहे, पण तुमच्यापैकी किती जणांनी ती कधी वापरली आहे? मीही नव्हती वापरली. अण्णांच्या खात्यासाठी तर नाहीच.

मी ट्विटरच्या विरुद्ध नाही (त्याला एक्स म्हणणे मला अजून जमलेले नाही). छोट्या लेखनाचा मला उपयोगच होतो. बसमध्ये सुचलेले वाक्य, वाचता वाचता पडलेला प्रश्न, शब्दाबद्दलची शंका हे सारे मी तिथेच टाकते. ती माझी कच्ची वही आहे, आणि तिच्यात लोक येऊन चुका दुरुस्त करतात हा वरचा फायदा. महिन्याअखेरीस त्यातले टिकाऊ निवडून ब्लॉगवर नीट लिहिते. त्यानंतर त्या लेखाचा पाच-सहा ओळींचा गोषवारा इथे, दुवा पहिल्या कमेंटमध्ये, कारण पोस्टमध्येच दुवा दिला तर ती फार लोकांना दिसत नाही अशी सगळ्यांचीच समजूत झाली आहे. इथे कोणी मोलाची भर घातली तर त्यांना विचारून ती ब्लॉगच्या लेखाखाली चिकटवते. पूर्वी यातले बरेचसे आपोआप होत असे. ब्लॉगवर लेख आला की ट्विटरफीड तो ट्विटरवर टाकत असे, ते २०१६ मध्ये बंद झाले. वैयक्तिक खात्यावर बाहेरून आपोआप पोस्ट टाकण्याची सोय फेसबुकने ऑगस्ट २०१८ मध्ये काढून घेतली. आता हाताने करावे लागते. दहा मिनिटे जातात, जाऊ देत.

अण्णांनाही मी ट्विटर दाखवले होते. तेव्हा एका ट्विटची मर्यादा १४० चिन्हांची होती. त्यांनी 'दुष्काळ' असे लिहिले आणि उरलेला आकडा पाहून विचारले की मी तीन अक्षरे लिहिली, याने सात कशी कापली? उकार, काना आणि अर्धा ष जोडणारे हलन्ताचे चिन्ह हे सगळे वेगळे मोजले जात होते. कारकुनाला हिशेबातली अशी लबाडी खपत नाही. त्यांनी फोन परत दिला आणि म्हणाले, "माझा दुष्काळ यात मावायचा नाही." गंमत अशी की ब्लॉगर, म्हणजे ब्लॉगस्पॉटमागची सेवा, ज्यांनी सुरू केली त्यांपैकी इव्हान विल्यम्स हा पुढे ट्विटरच्या संस्थापकांतही होता, आणि २०१२ मध्ये त्यानेच लांब लेखांसाठी पुन्हा 'मीडियम' काढले. त्यालाही कुठे मावले होते?

इथवर लिहून मी मघाशी उठले, चहा केला आणि आता जे लिहायचे टाळत होते ते लिहिते.

अण्णांना त्या दुसऱ्या खात्यावर कोणी नेले? मी नेले. २०१४ च्या जूनमध्ये आई गेली. अण्णा संध्याकाळी सातनंतर काय करावे हे न सुचून घरभर दिवे लावत फिरत असत. ब्लॉग थंडावला होता. ब्लॉगांवरचे नवे लेख एका जागी दाखवणारे गुगल रीडर आदल्या वर्षीच्या १ जुलैला बंद झाल्यापासून त्यांचे पक्के वाचकही पांगले होते. ते एकदा म्हणाले की विहिरीत ओरडल्यासारखे वाटते. दिवाळीत मी त्यांच्या फोनवर ते खाते उघडून दिले आणि वर म्हणाले, "अण्णा, आता ब्लॉग कोण वाचते?" पहिल्या पोस्टला पहिल्याच संध्याकाळी बत्तीस जणांनी 'ओ' दिली. जुने सहकारी सापडले, आईची शाळेतली मैत्रीण सापडली. सातनंतर घरभर दिवे लागायचे थांबले. सुकडीची हकिकत त्यांनी तिथे लिहिली कारण तिथे ऐकायला माणसे होती, आणि मी आज कितीही आरडाओरडा केला तरी तेव्हा त्यांना ब्लॉगवरच बसवून ठेवणे मला जमले नसते, जमवायलाही नको होते.

म्हणजे चूक तिथे लिहिण्यात नव्हती. ते लिहून झाल्यावर तोच मजकूर उचलून ब्लॉगवर ठेवायला मला दोन मिनिटे लागली असती, ती मी चार वर्षांत काढली नाहीत. मी तेव्हा त्यांच्या प्रत्येक पोस्टला अंगठा देत होते आणि तेवढ्यावर समाधानी होते. म्हणून कोणावर तरी ओरडायचे होते, आणि तुम्ही हाताशी होतात.

दुपारी ब्लॉग उघडला तेव्हा दुसऱ्या भागाखाली अगदी तळाशी एक प्रतिक्रिया दिसली, जी मी कधी पाहिली नव्हती. २०१६ सालची, नाव न देता लिहिलेली. "माझी आजी याच कामावर होती. पुढचा भाग कुठे आहे?" तोवर अण्णांनी ब्लॉग उघडणे सोडले होते. उत्तर नाही.

अण्णांचा पासवर्ड त्यांच्या डायरीत मागच्या पानावर, गॅसच्या ग्राहक क्रमांकाच्या खाली होता. फॉरवर्डमधला मजकूर घेऊन मी संध्याकाळभर बसले. उद्गारचिन्हे काढली. पिझ्झा काढला. जिथे गाव आहे तिथे 'मौजे' घातले. दोन वाक्ये अण्णांची आहेत की मधल्या कोणाची हे ठरवता आले नाही, ती चौकोनी कंसात ठेवली आणि तसे खाली लिहिले. एका ठिकाणी काहीतरी गळले आहे हे नक्की, कारण मुकादमाचा मुलगा अचानक येतो आणि तो कोण हे आधी सांगितलेले नाही. तिथे जागा कोरी सोडली आहे. कोणाकडे २०१५ मधली मूळ पोस्ट कधी उतरवून ठेवलेली असेल तर कृपया मला कळवा.

भाग ३ रात्री सव्वादहाला ब्लॉगवर गेला. त्या प्रतिक्रियेखाली उत्तर लिहिले की उशीर झाला, पण इथे आहे. दुवा पहिल्या कमेंटमध्ये देते आहे, आणि सोसायटीच्या त्या काकांनाही पाठवला आहे. अजून निळ्या खुणा झालेल्या नाहीत.